मळणीयंत्राला आधी नंबर लावा

सुगी सरली की खळ्यावर भुसकट उरतं आणि आमच्या हापिसात किस्से. दोन्ही कितीही झाडा, संपत नाहीत.

तेरजवळच्या आमच्या गावात शेतकऱ्यांची एक कंपनी आहे, तिचं हापिस मी सांभाळते. सगळ्यांत मिळून एक ट्रॅक्टर, एक रोटाव्हेटर, एक मळणीयंत्र. पूर्वी चेअरमन अण्णा म्हणतील त्याच्या रानात यंत्र जायचं. एकदा त्यांनी एकाच सकाळसाठी तिघांना 'व्हय' म्हटलं आणि तिघंही हापिसात ठाण मांडून बसले. मग बुकिंगचं सॉफ्टवेअर आलं, ते चालवायला मी आले.

अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "एका वक्ताला दोघांना नंबर गेला, की कॉम्प्युटर बंद. यंत्र परत माझ्या तोंडी हुकमावर." कॉम्प्युटर बंद म्हणजे माझी नोकरीही बंद. जीव मुठीत धरून बसायचे मी.

*

पहिल्याच आठवड्यात बघते तर दिवाळीपर्यंतचे सगळे दिवस पांडूतात्यांच्या नावावर! रान त्यांचं जेमतेम एका सकाळच्या मळणीचं.

"तात्या, एवढे दिवस काय मळणार?"

"येष्टीत आपण खिडकीतनं रुमाल टाकतो का न्हाय? तसा टाकून ठिवलाय. कंच्या शिटावर बसायचं, ते आभाळ बघून ठरवू."

*

ड्रायव्हर बब्रूभाऊ कायम उशिरा. चूक त्यांची नाही. ज्याच्या रानात जावं तिथं चहा, आणि चहाला नाही म्हटलं की माणूस वर्षभर बोलत नाही. शेवटी मी दोन बुकिंगच्या मध्ये 'चहा' असं एक यंत्रच टाकलं.

सॉफ्टवेअरवाल्यांचा पुण्याहून फोन आला. "मॅडम, तुमच्याकडं 'चहा' नावाचं मशीन सगळ्यात जास्त चालतंय. काय करतं ते?"

म्हटलं, "सर, ते बंद पडलं की बाकीची सगळी बंद पडतात."

*

दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या एका गुरुजींनी इथं रान घेतलं होतं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमचा सगळा जिल्हा रानात जेवायला असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि सॉफ्टवेअरलाही नव्हतं. दोघांनी मिळून नेमका त्याच दिवशी रोटाव्हेटर ठरवला.

बब्रूभाऊ अगदी वेळेवर पोचले. संगं बायको, पोरं, भज्जी आणि आंबिलीचं मडकं.

"रोटाव्हेटर कुठंय?" गुरुजींनी विचारलं.

"आज त्यो फिरत न्हाय. पण बुकिंग मोडली म्हणून हापिसातल्या बाईंना बोल नको, तवा आमी आलाव. बसा जेवाय."

*

यंदाच्या सोयाबीनात मात्र माझी खरी परीक्षा झाली. अण्णांचे व्याही अण्णांबरोबरच हापिसात आले. त्यांच्या सोयाबीनची गंजी उघड्यावर पडलेली, येडशीकडून आभाळ भरून येत होतं, आणि अण्णांनी त्यांना सकाळीच यंत्राचा शब्द दिलेला. लेक ज्या घरी दिली, त्यांना नाही कसं म्हणायचं?

पण नंबर गयाकाकूंचा होता. यंत्र त्यांच्या खळ्यावर सुरूही झालेलं.

"तिथनं हलीव यंत्र," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "अण्णा, हलवते. मग कॉम्प्युटरही आजच बंद करते. तुम्हीच सांगितलं होतं."

अण्णा लालबुंद झाले. व्याही खाली बघायला लागले. मलाच वाईट वाटलं. मी हळूच म्हणाले, "काकूंच्या मागचा नंबर व्याह्यांना देते. काकूंकडं माणसं कमी हैत, म्हणून वेळ लागतोय. दोन हात वाढले तर लवकर उरकंल."

अण्णा आपलं जाड अंग सावरत उठले. व्याहीही मागोमाग निघाले. अण्णा "तुम्ही पाव्हणे, तुम्ही बसा" म्हणत होते, पण ऐकतंय कोण? काकूंच्या खळ्यावर दोघांनी तोंडाला टॉवेल गुंडाळले आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी ते काकूंची गंजी यंत्रात ढकलायला लागले.

पाऊस आला तेव्हा व्याह्यांचं शेवटचं पोतं पत्र्याखाली गेलं होतं.

दोघं हापिसात येऊन अंगावरचं भूस झटकत होते. व्याही तर पोरासारखे हसत होते. तेवढ्यात गयाकाकूंचा फोन आला. कौतुक करतील, अण्णांनीही ऐकावं, म्हणून मी स्पीकर लावला.

"बाई, तू यंत्रासंगं धाडलेले ते दोन गडी लई कामाचे. त्यातला जाडा जरा बसून घेतो, पण चालतंय. फुडच्या बारीला यंत्रासंगं त्येच दोघं बुक कर."