तक्त्यावरचा चौथा रकाना

जाड मार्करच्या शाईचा वास नाकात रेंगाळत नाही, तो थेट कपाळात चढतो. गोडसर, झोंबणारा, थोडा पिकल्या फळाचा आणि थोडा रॉकेलचा. ऑगस्टात दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घराच्या खिडक्या महिनाभर उघडत नसत. काचेला आतून हात लावला तरी तळव्याला धग जाणवे. एसीच्या एकसुरी घरघरीत तो वास मग दोन-दोन दिवस कोंडून राही. पडद्यांत, उशांच्या अभ्र्यांत, माझ्या केसांत. वर्षातून एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर पांढरा मोठा कागद अंथरला जाई, त्यावर पट्टीने चार रकाने आखले जात, आणि चार मध्यमवयीन पुरुष चित्रकलेच्या तासाला बसल्यासारखे त्यावर वाकत. त्या दिवसाला ते ड्राफ्ट म्हणत.

खेळ साधा होता. ज्या थंड, ओल्या देशात यांच्यापैकी एकानेही पाऊल ठेवलेलं नव्हतं, त्या विलायतेतल्या फुटबॉल लीगचे खेळाडू हे चौघं पाळीपाळीने आपापल्या कागदी संघात निवडत. त्या खेळाडूने तिकडे खऱ्या मैदानावर गोल मारला की इकडे त्याला निवडणाऱ्याला गुण. हे सगळं आपोआप करणारी ॲप मोबाइलवर होती, पण त्यांना कागद हवा असे. नियम माझ्या नवऱ्याने पहिल्याच वर्षी लिहून ठेवले होते आणि ते दोनच होते. गेल्या हंगामात जो तळाला राहिला, त्याची निवड पहिली. आणि तोंडातून नाव एकदा निघालं, की ते परत घ्यायचं नाही.

मार्कर आणायचा तो रत्नागिरीच्या खाडीकाठचा मित्र. जबल अली बंदरावरच्या एका गोदामात तो सुपरवायझर होता आणि खोक्यांवर ज्या मार्करने पत्ते लिहायचे, तोच खिशात घालून यायचा. दुसरा साताऱ्याकडचा फोरमन. कामगारांच्या कॅम्पवर सहा जणांच्या खोलीत राहणारा, पण या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून येणारा. तिसरा अल ऐनहून दीड तास गाडी हाकत यायचा. तो तिथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होता आणि त्याच्या बोटांना सदैव स्पिरिटचा पुसट वास असे. चौथा माझा नवरा.

मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. वेलदोडा घातलेला दाट चहा उकळत असे आणि भिंतीपलीकडे माणसं ठेवली आणि काढली जात.

"आरं, त्याचा गुडघा बघ की आधी! दोनदा कापलाय तो!" फोरमन म्हणे.

"तू तुझी परांची बांध ना भाय," जबल अलीवाला उसळे. "गुडघा मैं देखूंगा. क्लबने त्याला सोडला कशाला? कोचशी भांडला म्हणून. खेळ खराब नाही त्याचा."

"बेंचवर बसून कुजेल. नवीन क्लबात त्याच्या जागेवर आधीच दोघं आहेत," अल ऐनवाला शांतपणे सांगे. सगळ्यांच्या जखमांच्या तारखा त्याला पाठ असत.

"यल्ला, नाव बोल नाव! चहा येईपर्यंत बोल!"

मी कवितेवर वाढलेली मुलगी. एम.ए.ला असताना ओळीतल्या एका ऱ्हस्वासाठी संध्याकाळ घालवलेली. मला त्या गदारोळातून फक्त खेळाडूंच्या नावांचे ध्वनी ऐकू येत. पोर्तुगालच्या कुणाच्या नावातला अनुनासिक शेवट, सेनेगलच्या कुणाच्या नावातला ढोलावर थाप पडावी तसा 'म'. अर्थाशी माझा संबंध नव्हता. एकदा मी कपबशा उचलताना म्हणालेही, "परक्या देशातल्या परक्या पोरांना कामावर ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही माझ्या टेबलावर बसून ठरवता."

चौघंही हसले. माझा नवरा मात्र हसता हसता म्हणाला, "इथे तरी आम्ही ठरवतो."

दर दोन वर्षांनी आपलं कॉन्ट्रॅक्ट पुढे सरकेल की नाही, याची वाट पाहणारी ती चार माणसं होती. मी पुन्हा थट्टा केली नाही.

नवऱ्याचं एक वेड होतं. एक वयस्कर बचावपटू होता, कानशिलं पांढरी झालेला, धावताना थकलेल्या घोड्यासारखा दिसणारा. त्याला दुसरं कुणीही निवडत नसे. शेवटच्या फेरीतही तो सहज मिळाला असता. माझा नवरा दर वर्षी आपली पहिली निवड त्याच्यावर उधळायचा. नाव उच्चारलं रे उच्चारलं की जबल अलीवाला टेबलावर तळहात आपटायचा, कपातला चहा बशीत सांडायचा, आणि तो ओरडायचा, "अडाणी!"

"अरे, तो धावत नाही," नवरा म्हणायचा, "कारण चेंडू कुठे येणार ते त्याला आधीच ठाऊक असतं."

"तो चेंडू यायच्या आधी झोपतो! अडाणी! सगळ्या दुबईत एक नंबर अडाणी!"

बशीतला चहा मी पुसायची. त्या एका शब्दात त्या दोघांचं पंधरा वर्षांचं सख्य होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. चेंडू कुठे येणार ते आधीच ठाऊक असण्याबद्दलचं ते वाक्य मात्र मी माझ्या वहीत उतरून ठेवलं होतं. कवितेत ते कधी आलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारचा डबा खाऊन झाल्यावर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये तो गाडीला टेकला आणि खाली बसला. तेवढंच. गाडीचं दार उघडं होतं, असं नंतर कुणीतरी सांगितलं, आणि आतला रेडिओ चालू होता.

पुढचं सगळं जबल अलीवाल्याने केलं. कोणत्या खिडकीवर कोणता कागद, कुठला शिक्का आधी आणि कुठला नंतर, हे त्याला माहीत होतं; माल पाठवणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. विमानतळाच्या मालविभागात पेटीवरचं नाव त्याने दोनदा वाचून पाहिलं, इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवून. मी शेजारी उभी होते. त्या बोटाच्या पेरात काळी शाई मुरलेली होती.

पुण्याहून दिवसकार्य उरकून मी आणि मुलगी परत आलो, कारण तिचं दहावीचं वर्ष होतं आणि माझी शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी. आणि मग त्याचं नाव काढायला सुरुवात झाली. व्हिसा रद्द. घराच्या करारावरून नाव कमी. गाडीच्या कागदावरून कमी. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'वडील' या शब्दापुढे एक आडवी रेघ. प्रत्येक ठिकाणी सही माझीच लागत होती. काउंटरवरची माणसं अतिशय सभ्य होती. पाण्याची बाटली पुढे करायची, मग कागद पुढे करायची.

तिघं मित्र महिन्यातून एकदा येत राहिले. सोफ्याच्या कडेला बसायचे, गुडघे जुळवून, देवळात बसावं तसे. "काही लागलं तर सांगा, वहिनी." "बेटी, पढाई कैसी है?" "इट्स फाइन, अंकल," मुलगी म्हणायची आणि तिच्या खोलीत जायची. माझ्या समोर ते फुटबॉलचा शब्द काढत नसत. ज्या घरात त्यांचा आवाज भिंती ओलांडून शेजाऱ्यांपर्यंत जायचा, तिथे आता चमचा बशीला लागल्याचं ऐकू येई. त्यांच्या या मऊपणाने माझं घर रुग्णालयासारखं झालं होतं, आणि हे मी कुणाला सांगणार होते?

ऑगस्टातला तो रविवार आला. ते आले, पण कागदाची गुंडाळी नव्हती. अल ऐनवाल्याने ताज्या खजुरांचा डबा आणला होता, अर्धे पिवळे, अर्धे पिकून तपकिरी झालेले. मी चहा टाकायला आत गेले. चहाला उकळी आली तसा मी गॅस बंद केला, आणि त्या एकाएकी झालेल्या शांततेत पलीकडचं कुजबुजणं स्वच्छ ऐकू आलं.

"मग तिकडं हॉटेलातच बसायचं ना? कागद गाडीत आहे," फोरमन म्हणत होता.

"हां. इथे नको. भाभीला त्रास नको."

"आणि त्याच्या संघाचं काय?" हा अल ऐनवाला. "फेब्रुवारीनंतर कुणी हात लावला नाही त्या टीमला. जखमी झाले ते तसेच राहिले. तळाला गेला तो. म्हणजे नियमाने पहिली निवड त्याची येते."



"नियम जिवंत माणसांचा असतो," जबल अलीवाला अखेर म्हणाला. "रकाना काढून टाकू. तीन आखू."

"तिघात मजा नाय. तुझ्या गोदामातला एक जण येतो म्हणतोय, त्याच्या जागी."

त्याच्या जागी. मी ओट्याला धरून उभी राहिले. दगड गार होता. मला फुटबॉल नको होता, आजही नको आहे. पण सहा महिने मी स्वतःच्या हाताने त्याचं नाव एकेका कागदावरून उतरवत आले होते, आणि जगात आता एकच कागद उरला होता, ज्यावर ते नाव नियमाने, हक्काने, सगळ्यांत आधी यायचं होतं.

मी बाहेर आले ती चहा न घेताच. "कागद वर आणा," मी म्हटलं. "पहिली निवड आमची आहे ना?"

तिघंही उठून उभे राहिले, का ते त्यांनाही कळलं नसावं. फोरमन खाली जाऊन गुंडाळी घेऊन आला. टेबलावर कागद पसरला, त्याच्या चार कोपऱ्यांवर मी चार कप ठेवले. जबल अलीवाल्याने खिशातून बॉलपेन काढलं.

"मार्कर?" मी विचारलं.

"नाही आणला, भाभी." तो कागदाकडे पाहत राहिला. "हल्ली दुसरीच पोरं लिहितात गोदामात."

गेल्या वर्षीचा मार्कर स्वयंपाकघरातल्या खणात होता, काड्यापेट्या आणि रबरबँडांच्या सोबतीला. तो मी आणून त्याच्यापुढे ठेवला. मग कपाटातून नवऱ्याची वही काढली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर, जानेवारीतल्या त्याच्या तिरप्या अक्षरात, पुढच्या हंगामासाठीची यादी होती. बरीच खाडाखोड. वर एकच नाव, त्याभोवती गोल, आणि शेजारी लिहिलेलं, 'हाच.'

मी ते नाव मोठ्याने वाचलं. त्या बचावपटूचं. उच्चारही नीट केला, जसा तो करायचा.

फोरमन आपल्या मोज्यांकडे बघू लागला. आता टेबलावर तळहात आपटेल म्हणून मी कपांकडे पाहिलं, पण कप हलले नाहीत.

"छान आहे, भाभी," जबल अलीवाला हळूच म्हणाला. "अच्छी निवड आहे."

इतक्या वर्षांत त्या टेबलावर कुणीही कुणाच्या निवडीला छान म्हटलं नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

अल ऐनवाल्याने चष्मा काढला. "तो मेमध्ये रिटायर झाला, वहिनी. आता खेळत नाही."

सगळ्या दुबईला, प्रत्येक चहाच्या टपरीला ते ठाऊक होतं. या तिघांनी त्यावर महिनाभर वाद घातला असणार, माझ्यापासून दूर कुठेतरी. मला एकटीला माहीत नव्हतं, आणि वहीला.

"अजून लिहिलंच नाही आम्ही," फोरमन घाईने म्हणाला. "दुसरं सांगा. तो नवा स्ट्रायकर घ्या, नंबर एक आहे, मी आडवा येत नाही. घ्या तुम्ही."

"नाव एकदा निघालं की परत घ्यायचं नाही," मी म्हटलं.

"वो रूल हमारे लिए है, भाभी. तुम्हाला नाही."

"मग हा रकाना कुणाचा आहे?"

कागदावर चौथ्या रकान्याच्या माथ्याला अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.

"अहो, पण तो मैदानातच उतरणार नाही," अल ऐनवाला कळवळून म्हणाला. "वर्षभर शून्य. दहा जणांनी खेळणार का तुम्ही?"

"दहा जणांनी खेळेन."

"हरणार, वहिनी. पुन्हा तळाला जाणार."

"म्हणजे पुढच्या वर्षी पहिली निवड पुन्हा आमचीच," मी म्हटलं.

जबल अलीवाल्याने मार्कर उचलला. टोपण उघडताना टक् असा आवाज झाला आणि तो वास आला, कपाळात चढणारा, वर्षभर या घरात न आलेला. त्याने चौथ्या रकान्याच्या माथ्यावर माझ्या नवऱ्याचं नाव लिहिलं. अक्षर खोक्यावरच्यासारखं ठसठशीत होतं. त्याखाली त्या निवृत्त माणसाचं नाव लिहिलं. शाई कागदातून खालच्या लाकडात उतरली. तो डाग आजही टेबलावर आहे.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे काठोकाठ भरले होते, पण त्यांत तो सहा महिन्यांचा मऊपणा नव्हता. त्याचा तळहात वर गेला आणि टेबलावर आदळला. चारी कप उडाले.

"अडाणी!"