सबूरीच्या पाठीवर रिसोड ते इंझोरी

बाबांचा पाय मोडला आणि हाड वाकडं जुळलं, तेव्हापासून दोन हिवाळे ते इंझोरीच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून होते. शेत अर्ध्या कोसावर. चालवत नव्हतं, आणि बंडीत चढवू म्हटलं की, "मी काय पोतं हाओ?" म्हणून तोंड फिरवायचे. तरुणपणी हाच माणूस घोड्यावरून कारंज्याचा बाजार करायचा. ही दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात कापूस विकून झाला, तसं मी ठरवलं की बाबांसाठी घोडी आणायची. आईने एकच अट घातली. "बैलाच्या चालीनं चालंन अशी आन. उधळली अन् हे पडले, तं तुह्या तोंडाकडं पाहनार नाई मी."

तुम्हाला रिसोडला जायचं असेल तर मंगरुळपिराहून वाशीमची मोटार सकाळीच पकडा; दुपारची मोटार माणसं भरेपर्यंत जागची हलत नाही. वाशीमहून पुढे रिसोडची मोटार मिळते. तिच्यात डावीकडे बसू नका, सगळी धूळ तिकडूनच आत येते. दोन्ही भाडी मिळून फार पैसे पडत नाहीत. रिसोडात उतरलो तेव्हा माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. बाजारात गरम भजी आणि गुळाचा चहा घेतला आणि हमीदाबीचं घर विचारत निघालो.

हमीदाबीचे यजमान घोड्यांचे व्यापारी. ते वारल्यावर तिने बाकी सगळी जनावरं विकून एकच घोडी ठेवली होती, तीही आता विकायला काढलेली. खारकेसारखा तांबूस-काळा रंग, बारीक पाय, आणि नाव सबूरी. नाव ठेवणाऱ्याने थट्टाच केली असावी. जत्रेतल्या शर्यतीत ती कधी दुसरी आली नाही, हे हमीदाबीने, म्हणजे सगळ्यांच्या खालाने, मला पाण्याचा पेला द्यायच्या आधीच सांगितलं. मी तिथल्या तिथे भाळलो. आईचे शब्द बहुधा वाशीमलाच उतरले होते.

गावाबाहेरच्या पांदीत मांड ठोकली. मी जन्मभर बैल हाकलेले. बैल आवरायचा तर कासरा ओढायचा आणि तो थांबेपर्यंत ओढूनच धरायचा, एवढं मला ठाऊक. सबूरीने पावलं जरा भरभर टाकली तसा मी लगाम ओढला. ती पळाली. आणखी ओढला, ती चौखूर सुटली. पडू नये म्हणून टाचा आवळल्या, तर खालची जमीनच दिसेनाशी झाली. दोन्हीकडची ज्वारी सरसर मागे जात होती, पागोटं कुठल्याशा बाभळीने काढून घेतलं, आणि खरं सांगतो, भीतीने अर्धा झालो होतो तरी मला हसू आवरत नव्हतं. विहिरीपाशी हौदात पाणी दिसलं म्हणून ती थांबली. माझा त्यात काही हात नव्हता.

खाला कमरेवर हात ठेवून मागून आली. "तू तिले थांबवून राह्यला होता?"

"हो."

"तिले तं वाटलं, पळ म्हनून राह्यला. शर्यतीत लगाम ताणूनच धरतेत, बेटा. जितका ताणशीन तितकी जाईन. अन् टाचा काहून आवळते? हातानं थांब म्हंते, पायानं चाल म्हंते. जनावरानं आयकाव कोनाचं?"

मग मी बाबांच्या पायाबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला बहिणीकडे केनवडला जायचं होतं. तिने सांगून टाकलं, "केनवडवरी माह्या दमणीच्या बाजूनं चाल. बैलाच्या पुढं गेला तं घोडी वापस रिसोडले. लंगड्या मानसाले मी वारा नाई विकत."

सकाळी थंडीत निघालो. दमणी म्हणजे पडदा लावलेली हलकी बैलगाडी. बैल तिचे सुस्त, गाडीवान त्याहून सुस्त. मी किती वेळा पुढे निघून गेलो ते विचारू नका. प्रत्येक वेळी पडद्यातून आवाज यायचा, "गेला, पाहा, गेला!" आणि मी वळून परत यायचो. पण खाला घोडी परत मागत नव्हती, शिकवत होती. लगाम ओढ, आणि तिने जोर लावायच्या आत सोड. मांड्या सैल. पाठ जड. श्वास रोखू नको, सोड.

भीतीने आवळलेलं अंग मुद्दाम सैल सोडायचं म्हणजे काय त्रास असतो! अर्ध्या वाटेवर एका नाल्यापाशी ते एकदम जमलं. मी श्वास सोडला, सबूरीचा एक कान मागे वळला, आणि तिची पावलं आखूड झाली. बैलांच्या मानेला मान लावून ती चालू लागली, लगाम बोटांवर नुसता टेकलेला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडलो असतो तर ती पुन्हा पळाली असती.

केनवडला खालाच्या बहिणीने भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची म्हणजे सोल्यांची भाजी आणि ठेचा वाढला. या दिवसांत त्या बाजूला गेलात तर सोल्यांची भाजी सोडू नका. सकाळी खालाने खोगिराचा पट्टा स्वतः तपासला. तिचे डोळे भरले होते. "जाय लवकर," ती म्हणाली, "नाई तं मी देनार नाई."

मालेगावच्या पुढे मोटार भोंगा वाजवत आली आणि सबूरी उधळली. या खेपेला मी ओढत बसलो नाही. ओढ, सोड, ओढ, सोड. भरधाव होती ती दुडकीवर आली, मग चालू लागली. एवढा आनंद झाला की पुढच्या मोकळ्या माळावर मीच तिला सोडलं. वारा कानात, डोळ्यांत पाणी, आणि माळ संपता संपता मी म्हणालो तेव्हा ती चालीवर आली. मग परत पळवली. शेलूबाजारला ओळखीच्या घरी मुक्काम केला. घोडीची चंदी म्हणून हरभरा सोबत ठेवा, वाटेत चांगला मिळत नाही.

इंझोरीत शिरलो तो चालीवर. आईने विहिरीवरूनच पाहिलं आणि घागर पुन्हा विहिरीत सोडली, म्हणजे पास. ओट्यावरूनच बाबांना खोगिरावर घेतलं. मी दोर धरला, आई मागे, आणि आम्ही शेताकडे निघालो. सबूरी इतकी शहाण्यासारखी चालली की मला माझाच अभिमान वाटला. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाबा थांबले. तूर पाहिली, कापसाची पऱ्हाटी पाहिली, बराच वेळ पाहिली.

"दोर सोड," ते म्हणाले.

"बाबा, हळू. लगाम ताणू नका. ताणला की ती..."

"मले शिकवतं?"

त्यांनी लगाम गोळा केला आणि चांगला कसून ताणला.

धूळ खाली बसली तेव्हा ते पार नाल्याच्या वळणावर दिसले, घोडीच्या मानेवर वाकलेले. आई पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती. "घोडी आवराले शिकला तू," ती म्हणाली. "आता तुह्या बाबाले कोन आवरंन?"

कोणालाच आवरता आलेलं नाही. त्या वाटेवर शिकलेली ओढ-सोड माझ्या बोटांत अजून आहे, पण घोडी माझ्या वाट्याला क्वचितच येते. सकाळी मी उठतो तोवर बाबा शेतात पोचलेले असतात.