होयाचे देठ

विलास गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी सातपूरला एका जुन्या लेथचा सौदा करत होतो. समोरचा माणूस बोलत राहिला आणि मी सौदा अर्धवट सोडून उठलो. असं कधी केलं नव्हतं.

आमची मैत्री पस्तीस वर्षांची. तो ओझरच्या कारखान्यात फिटर, मी भंगार गोळा करत वर आलेला. निवृत्तीनंतर त्याने घराच्या उत्तरेच्या खिडकीबाहेर, शेजारच्या आंब्याच्या गार सावलीत होयाची वेल लावली. जाड पानांची, चढायला आळशी. मेणाची केल्यासारखी गुलाबी फुलं यायला पाच वर्षं लागली. मी दरवर्षी फांदी मागायचो. गोडीने, मग रागावून. तो म्हणायचा, "दिन्या, तुला उद्याचं आज लागतं. तुझ्याकडे नाही जगायची." ते मला लागलं. अजून लागतं.

या हिवाळ्यात तो दवाखान्यात होता, वहिनी त्याच्याजवळ. पाणी घालायला घराची किल्ली माझ्याकडे आली. म्हटलं, आता दाखवतोच याला. पानं पुसली, आणि फुलं गळून मागे उरलेले वाळके देठ एकूण एक कापले. पुढे एका नर्सरीवाल्या बाईंना हे कौतुकाने सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अहो काका, होया पुन्हा त्याच देठांवर फुलते. आता यंदा कसली फुलं?"

उन्हाळा लागताना डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं. कशासाठी, ते सगळ्यांना कळलं होतं. विलासने पलंग खिडकीशी लावून घेतला. एकदा फुललेली बघू दे, म्हणाला. मी नाशकातल्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. एके ठिकाणी कळ्या धरलेली कुंडी मिळाली, पण घरी आणल्यावर दोन दिवसांत कळ्या गळून गेल्या. हुज्जत घालायची तरी कुणाशी...

त्यानंतर गेलो तर पलंग खिडकीपासून दूर, भिंतीकडे सरकवलेला. म्हणजे देठ कापलेले त्याने पाहिले होते. मी शिव्या खायच्या तयारीने बसलो. मला त्या हव्याच होत्या. शेवटी मीच विचारलं, पलंग का हलवला?

"खिडकीतून ऊन येतं रे," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

महिना झाला. वहिनी म्हणतात, वेल तुम्हीच न्या. मी नेलेली नाही. सकाळी जाऊन पाणी घालतो आणि हात मागे बांधून उभा राहतो. चहाच्या साखरेवरूनसुद्धा माझ्याशी भांडणारा माणूस, नेमका इथे भांडला नाही. त्या खिडकीत बारा महिन्यांत कधीच ऊन येत नाही. म्हणून तर त्याने वेल तिथे लावली होती.