तांबड्यासाठी घोटलेला कोबा

सरकारी नोकरीत मी बांधलेल्या प्रत्येक गोष्टीवर दुसऱ्या कुणाची तरी सही असायची. फक्त एका बांधकामाचं माप, उतार, सगळं माझं स्वतःचं होतं. तो म्हणजे आमच्या तांबड्या बैलाचा गोठा. बैलाला त्यात एक पावसाळासुद्धा काढता आला नाही.

आमचं घर पलूसकडं, उसाच्या रानात. मी शिकून इंजिनियर झालो आणि नव्वदच्या दशकात बायको-मुलीसह कोयनानगरच्या वसाहतीत राहू लागलो. घरच्या माणसांवर माझा फार जीव, आणि आमच्यात बैलही घरच्या माणसांत धरतात. त्यामुळं सुट्टीला गेलो असताना वडील म्हणाले, "सोमवारी तांबडा बाजारात घालतोय," तसं माझं डोकंच फिरलं. त्याचा जोडीदार मेला होता, नांगरटीला ट्रॅक्टर येत होता, आणि म्हातारा बैल बाजारात कोण घेतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"आण्णा, मी नेतो त्याला."

"कुठं?"

"कोयनेला. क्वार्टरच्या मागं जागा हाय."

वडील आईकडं वळले. "आयकलंस का? साहेब बैलाला पेन्शनीत काढाय लागल्यात." मग मला म्हणाले, "आरं, तिकडच्या पावसात माणसाची हाडं मऊ पडत्यात. बैल हाय त्यो, बदक न्हाई."

मी ऐकलं नाही. टेंपोत तांबडा प्रत्येक वळणाला माझ्या अंगावर रेलत होता आणि मी त्याला, आता सुखात राहशील, असं सांगत होतो. बैलाला फसवणं सोपं. तो उलट विचारत नाही.

गोठा झोकात बांधला. गावाकडं गोठ्यात मुरूम टाकून चोपतात, जमीन खडबडीत राहते. पण इंजिनियरचा बैल मुरमावर कसा उभा करायचा? मी सिमेंटचा कोबा केला, मूत वाहून जायला उतार दिला आणि वरून थापीनं असा घोटला की त्यात तोंड दिसावं. शेजारपाजारचे बघून गेले. बायको सांगलीच्या पेठेत वाढलेली. ती म्हणाली, "अहो, आपल्या मोरीला असं कधी काही केलं नाहीत ते!" मला ते कौतुक वाटलं.

मग पाऊस लागला. कोबा वाळेचना, वर शेणाचा पातळ थर. तांबडा पहिल्यांदा घसरला तेव्हा मी हसलो. मुलीला हाक मारून दाखवलंसुद्धा. पुढं त्यानं बसणंच सोडलं. मी बायकोला म्हणालो, "बघ, इथली हवा मानवली. बसतसुद्धा नाही पठ्ठ्या." बसलो तर उठता येणार नाही, या भीतीनं तो उभा होता, आणि पाय थरथरत होते ते मला थंडीनं वाटले. वर पोतं टाकलं.

एका सकाळी तो मागच्या मांड्या दोन बाजूंना फाकून पडलेला दिसला.

मी साइटवरून साखळी-कप्पी आणली, तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं, पोटाखालून पट्टा घातला. बैल वर उठला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली सोडला तसे पाय घडीसारखे मिटले. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तांबडा असा हंबरला की टाळ्यावाले घरी गेले. डॉक्टरांनी चाचपून सांगितलं, "साहेब, आतून फाटलंय. हा उठायचा नाही."

निरोप मिळताच वडील एस्टीनं आले. आधी त्यांनी अनवाणी पाय कोब्यावर घासून बघितला.

"ह्यावर कोण चालणार हुतं रं? नवरी?"

ते तांबड्याच्या मानेशी बसले, गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत राहिले. "बाजारात घातला आसता तर एका दिसात सुटला आसता. तू हप्त्या-हप्त्यानं मारलास."

"आण्णा, मी चांगलं करायला गेलो..."

"व्हय की. वाईट कराय गेला आसतास तर वाचला आसता. तुला जमलंच नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडा गेला. क्वार्टरच्या मागं हातभर मातीखाली काळा खडक. मजुरांनी मी आखून दिला तेवढा खड्डा पहारीनं काढला आणि दुपारी तांबड्याला ओढत काठाशी आणलं. तोवर चारी पाय ताठ झाले होते. तो आत मावणार नाही, हे नुसतं बघूनच कळत होतं.

"पाय मोडून बसवूया का?" एक मजूर दबक्या आवाजात म्हणाला.

"न्हाई," वडील म्हणाले. "तुमी सरका. त्यो काढंल."

मी पहार घेतली. पाऊस कोसळत होता. वडील काठावर छत्री धरून उभे होते. स्वतः भिजत होते, छत्री तांबड्याच्या तोंडावर होती. तळहात सोलले, मी दम खायला थांबलो आणि वर बघितलं.

ते म्हणाले, "आजून."