जामीनदार भाऊ

७ मार्च २००६, मंगळवार. रक्कम दोन हजार पौंड. हजर: इमिग्रेशन जज, सरकारच्या बाजूने बोलणारी एक तरुण अधिकारी, आमची सॉलिसिटर, एक दुभाषी, मी, आणि जिच्यासाठी हे सगळे चालले होते ती बाई.

पश्चिम लंडनमधली ट्रायब्युनलची ती खोली एखाद्या कौन्सिल ऑफिससारखीच होती. निळे कार्पेट, पाण्याचा जग, खिडकीतून दिसणारे कार पार्क. दोन हजार पौंड त्या दिवशी कोणाला द्यायचे नव्हते, फक्त कबूल करायचे होते. बाईला डिटेन्शन सेंटरमधून सोडले आणि ती पळून गेली, तर तेवढी रक्कम मी सरकारला भरायची. ती माझ्याकडे आहे हे दाखवायला मी बिल्डिंग सोसायटीतल्या, म्हणजे इथल्या बचत बँकेतल्या, माझ्या खात्याची सहा महिन्यांची स्टेटमेंट्स नेली होती.

बाई साताऱ्याकडची, विधवा, पंचेचाळिशीची. एका व्यापारी कुटुंबाबरोबर घरकामाच्या व्हिसावर वेम्बलीला आली. व्हिसा दरवर्षी वाढवावा लागे. पासपोर्ट मालकाकडे असे आणि 'वाढवला' असे मालक सांगे. पुढे ते कुटुंब दुबईला गेले आणि जाताना पासपोर्ट तिच्या हातात देऊन गेले. तेव्हा कळले की मुदत संपून वर्ष झाले आहे. ती परत गेली नाही, कारण तिची मुलगी साताऱ्याला नर्सिंगला होती आणि फी इथून जात होती. एका फरसाणच्या दुकानामागच्या स्वयंपाकघरात ती काम करू लागली. फेब्रुवारीत अधिकारी आले आणि तिला घेऊन गेले.

माझा तिच्याशी संबंध भाऊबीजेचा. मंडळाच्या दिवाळीला एका शाळेच्या हॉलमध्ये ती वाढायला आली होती. मी ताट घेऊन एकटाच उभा होतो, कारण बायको हॉस्पिटलमध्ये ऑन कॉल. ती म्हणाली, "भाऊ, तुमाला भन हाय का हितं?"

"बहीण पुण्याला असते."

"माझा भाऊ औंदा गेला. तुमाला ओवाळू का?"

तेव्हापासून चार वर्षे ती भाऊबीजेला पिनरला आमच्या घरी यायची. तबक स्वतःचे आणायची, पिशवीत टॉवेलात गुंडाळून. मी तबकात एकवीस पौंड टाकायचो. माझी मुलगी तिला आत्या म्हणायची.

पकडले तेव्हा अधिकाऱ्यांनी विचारले, इथे नातेवाईक कोण? तिने सांगितले, पिनरला भाऊ आहे. त्यांनी तपासले. आडनाव वेगळे, गाव वेगळे, आईबाप वेगळे. सरकारचा मुद्दा एवढाच होता की ही बाई खोटे बोलते, म्हणून हिला सोडू नये.

आत जाण्याआधी सॉलिसिटर मला कॉरिडॉरमध्ये म्हणाली, "कझिन म्हणा. सगळेच म्हणतात. कोणी पुरावा मागत नाही."

बायकोनेही आदल्या रात्री तेच सांगितले होते. "अहो, जन्मभर कौन्सिलची अकाउंट्स तपासलीत, आता एक शब्द सैल सोडलात तर काय बिघडणार आहे?"

मी म्हटले, "एक शब्द सैल सोडला की पुढचे सगळे धरून ठेवावे लागतात."

अधिकारी बाईने पहिलाच प्रश्न विचारला. "तुम्ही हिचे भाऊ आहात का?"

"नो," मी म्हणालो.

तेवढे इंग्रजी तिला कळत होते. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. दुभाषी तरीही कर्तव्य म्हणून हळूच म्हणाली, "नाही म्हणाले."

मग मी भाऊबीज समजावून सांगितली. रक्ताचे नाते नाही, कागदावर कुठे नोंद नाही, पण आमच्यात असे नाते जोडतात आणि ते जोडलेले आहे. जज साठीचा, चष्मा कपाळावर ढकललेला गृहस्थ. त्याने विचारले, "या सणाला तुम्ही तिला काय देता?"

"एकवीस पौंड."

"वीस का नाही?"

"शून्यावर संपवत नाही. वरचा एक असला की पुढच्या वर्षी पुन्हा यायचं असतं."

अधिकारी म्हणाली, "म्हणजे हे नातं वर्षाला एकवीस पौंडांचं आहे."

"आजपर्यंत होतं," मी म्हणालो. "आज दोन हजारांचं झालं."

जज हसला नाही. त्याने बराच वेळ लिहिले. जामीन मिळाला. अटी तीन: माझ्या घरी राहायचे, दर मंगळवारी रिपोर्टिंग सेंटरला सही करायची, आणि कोणतेही काम करायचे नाही.

गाडी हँगर लेनच्या सिग्नलला थांबली. ती म्हणाली, "भाऊ, तुमी न्हाई म्हनलात."

"तिथं खरं तेच सांगावं लागतं."

"मग मी खोटं सांगितलं व्हतं?"

सिग्नल हिरवा झाला म्हणून मी गाडी पुढे काढली.

तिला बॉक्स रूम दिली. मुलीची सायकल आणि माझ्या जुन्या फायली गॅरेजमध्ये गेल्या. मुलगी तेव्हा ए-लेव्हलला होती. इतिहासाच्या कोर्सवर्कला तिने अमेरिकेतली विसाव्या शतकाच्या सुरुवातीची हद्दपारी घेतली होती. संध्याकाळी डायनिंग टेबलावर पुस्तके पसरून ती आम्हाला वाचून दाखवायची. बोटीने आलेल्यांना एका बेटावर उतरवत आणि तपासत. सरकारवर भार होईल असे वाटले तर त्याच बोटीने परत.

"आत्या, तू तेव्हा तिथे असता ना, तर एकटा लेडीला सोडायचेच नाहीत. कोणीतरी मेल रिलेटिव्ह घ्यायला यायला लागायचा. हजबंड, ब्रदर, कोणीपण."

"आन न्हाई आला तर?"

"मग वेट करायचं. नाहीतर परत."

"मग बदललं काय?" आत्या म्हणाली.

एका पानावर नकाशा होता. १९१७ च्या कायद्याने आशियाभोवती रेघ आखली होती. रेघेच्या आतल्या माणसांना अमेरिका बंद. हिंदुस्थान आत होता. मुलीने त्या रेघेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "वुई आर इन." मला आवडलेली गोष्ट वेगळीच होती. ज्याला परत पाठवायचे त्याचे भाडे, आल्यापासून ठरावीक मुदतीच्या आत असेल तर, त्याला आणणाऱ्या बोटीच्या कंपनीने सोसायचे. जो आणेल तो नेईल. हिशेब निर्दय होता, पण तो कोणाच्या नावावर हे तरी स्पष्ट होते. आत्याला आणणारा दुबईला होता.

पहिल्या आठवड्यातच पोळ्यांचा प्रश्न आला. बायको ड्यूटीवरून आली तर पोळ्या तयार, कणकेचा ओटा पुसलेला, गॅस चकचकीत. बायको खुर्चीत बसून म्हणाली, "आई गं, किती वर्षांनी गरम पोळी आयती मिळतेय."

मी म्हणालो, "हे चालणार नाही. काम करायचं नाही अशी अट आहे."



"भावाच्या घरी पोळ्या लाटनं म्हंजे नोकरी?" आत्या म्हणाली.

"भाऊ असतो तर नाही. पण मी तिथं नाही म्हणून सांगितलंय. उद्या कोणी आलं आणि तू लाटताना दिसलीस, तर घरी ठेवून राबवतात असं लिहितील."

"अहो, कोण येणार आहे पोळ्या मोजायला?" बायको म्हणाली.

मी सॉलिसिटरला फोन करून विचारले. ती हसली. पैसे देत नसाल तर घाबरू नका, म्हणाली, पण तुमच्याच साक्षीमुळे सांगणं अवघड आहे. मी ठरवले, रोज एक जण पोळ्या करेल आणि आत्या चौथी. रविवारी माझी पाळी. माझ्या पोळ्या पाहून आत्या तोंडाला पदर लावून हसायची. "भाऊ, ह्यो आस्ट्रेलिया का आफ्रिका?" घर त्या वेळी खरेच हलके होई. पण तिच्या पाळीच्या दिवशी ती लाटताना मधूनच खिडकीबाहेर बघायची. ती भीती तिच्यात मीच घातली होती.

दर मंगळवारी मी अर्धी रजा घेऊन तिला सहीला नेत असे. ती आत जाई आणि मी गाडीत. प्रत्येक वेळी बाहेर येईल की आतच ठेवतील, हे ठाऊक नसे. इतर दिवशी ती ईलिंग रोडवरच्या देवळात जायची. मी ऑफिसमधून घरी फोन करायचो. पोचली का, निघाली का, परत आली का.

जुलैतल्या एका शनिवारी ती चारला येते म्हणून गेली आणि सहा वाजले तरी आली नाही. मी गाडी काढून ईलिंग रोडला गेलो. देवळात नव्हती. भाजीवाल्याला विचारले, साड्यांच्या दुकानात विचारले. त्या रस्त्यावरून चालताना डोक्यात आकडा होता की माणूस, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. शेवटी ती वेम्बली पार्क स्टेशनबाहेर सापडली. रुळांच्या कामासाठी मेट्रोपॉलिटन लाइन बंद होती. बदली बस कुठून सुटते ते तिला समजत नव्हते. बाकावर बसली होती, मांडीवर प्रसादाची पिशवी.

"पळाले न्हाई, भाऊ," ती म्हणाली.

"मी तसं म्हटलं का?"

"आदी तुमी इचारायचात, जेवलीस का. आता इचारता, कुठं व्हतीस."

मी तिची पिशवी घेतली. तिने ती हलकेच परत घेतली आणि गाडीत मागच्या सीटवर बसली. त्या दिवशी पहिल्यांदाच मागे.

तिला इथे राहू द्यावे म्हणून सॉलिसिटरने केलेला अर्ज सप्टेंबरमध्ये नामंजूर झाला. सॉलिसिटर म्हणाली, अपील करू, वर्षभर जाईल. आम्ही चौघे टेबलाभोवती बसलो होतो. मुलीच्या पुस्तकांचे ढीग अजून तिथेच होते.

"लई झालं," आत्या म्हणाली. "वर्सभर तुमी माझा पहारा करनार. येक दिस मंगळवारी मला आत ठिवतील आन दोन पोलिसांच्या मधी बसवून पाठवतील. त्यापरीस मी माझ्या पायानं जाते. मी गेले की तुमी सुटलात. आन मी बी."

"आणि फी?" बायकोने विचारले. शेवटच्या वर्षाची फी भरायची होती, चौतीस हजार रुपये. सात महिने तिला काम नव्हते. "आम्ही देतो," बायको म्हणाली.

"वैनी, हितं राहिले, खाल्लं. वर पैसं घेतलं तर पोळ्यांचा पगारच झाला की. भाऊंना कोर्टात सांगावं लागंल."

ते टोमण्यासारखे म्हटले नाही तिने, पण माझ्यापर्यंत पोचले. तिकिटाला मात्र तिने नाही म्हटले नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, शिप कंपनी फ्री नेत होती. एअरलाइन नाही नेत?"

दिवाळीला तीन आठवडे होते. हीथ्रोला आम्ही तिघे गेलो. पासपोर्ट सरकारकडे होता. तो गेटपाशी एक अधिकारी तिच्या हाती देणार होता, त्याआधी नाही. चेक-इनच्या रांगेबाहेर तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली. निरांजन लावणे तिथे शक्य नव्हते. मला बोट लावले आणि हात नुसताच तीनदा फिरवला. मी एकवीस पौंड पुढे केले. तिने वीसची नोट माझ्या मुलीच्या हातात दिली आणि वरचे एक पौंडाचे नाणे ठेवून घेतले.

"येवढं चालंल," ती म्हणाली.

"कोर्टात मी..." मी सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या. तुमी खरं बोललात. मी बी खरंच बोलले व्हते."

ती आत गेली. वळून तिने मुलीकडे हात केला.

पुढच्या सोमवारी मी बँकेत गेलो. साताऱ्याच्या नर्सिंग कॉलेजचा खाते क्रमांक बायकोने फोनवरून मिळवला होता. आत्याला ओवाळणीपेक्षा जास्त घ्यायचे नव्हते, पण भाचीच्या शिक्षणाला मामाने काय द्यावे याला आमच्यात मर्यादा नाही आणि आईची परवानगीही लागत नाही. परदेशी पैसे पाठवायच्या फॉर्मवर एक रकाना होता, विद्यार्थिनीशी तुमचे नाते काय. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "नातं नसलं तर 'फ्रेंड' लिहा, चालतं."

मी 'अंकल' लिहिले. त्याला पुरेसे नव्हते. आईकडून की वडिलांकडून, त्याने विचारले. मी म्हणालो, "आईचा भाऊ." खाली सही केली.

ट्रायब्युनलने कबूल करून घेतलेले दोन हजार कोणालाच द्यावे लागले नाहीत. तिकिटाचे दोनशे चौऱ्याहत्तर पौंड ईलिंग रोडवरच्या ट्रॅव्हल एजंटला दिले. कॉलेजला चौतीस हजार एक रुपये गेले. कॉलेजच्या कारकुनाने महिन्याभराने कळवले की एक रुपया जादा आला आहे, परत कसा पाठवायचा. मी लिहिले, तो मुलीला द्या.