कोणत्या घराण्याचं पिस्तूल?

साळवे सर जाऊन महिना होत आला, पण रडू येण्याआधी मला अजून रागच येतो. बातमी कळली तेव्हा मी फुलंब्रीहून येणाऱ्या बसमध्ये होतो. नेमबाजी क्लबच्या सेक्रेटरींनी फोनवर सर गेल्याचं सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, "त्या पिस्तुलाचं काय ठरलंय?" सरांना अजून घरातून नेलंही नव्हतं!

आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवायचो. सर गणित, मी मराठी. त्यांना नाद एकच, जुन्या ठासणीच्या पिस्तुलानं नेम मारायचा. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, मग गजानं ठासायचं... एवढं झालं की एक बार. बार उडाला की सर धुरात दिसेनासे व्हायचे आणि आतून आवाज यायचा, "लागली का वो?" बहुतेक वेळा लागलेली असायची.

ते पिस्तूल त्यांनी एका जहागीरदाराच्या नातवाकडून विकत घेतलं होतं. नातवाला मोटार घ्यायची होती. परवाना, व्यवहार, सगळं रीतसर. तरी प्रत्येक स्पर्धेत कुणीतरी विचारायचंच, "कोणत्या घराण्याचं?" इतरांना हा प्रश्न कौतुकानं विचारला जाई, सरांना मात्र चौकशी केल्यासारखा. साळवे आडनावाच्या माणसाकडं हे आलंच कसं, एवढाच त्याचा अर्थ. सर हसून म्हणायचे, "माझंच हाय." मला त्या हसण्याचाही राग यायचा...

शोकसभेत तर कहर झाला. क्लबच्या काचेच्या कपाटात पिस्तूल ठेवायचं परस्पर ठरवून अध्यक्ष पाटीच करून घेऊन आले होते. पाटीवर जहागीरदारांचं नाव. सरांचं कुठंच नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर हे दुसऱ्याचाच पीळ मिरवायला निघालेले! मी उठून भांडायला लागलो, तर अध्यक्ष सरांच्या पत्नीकडं वळले.

"वहिनी, समजून घ्या. घराण्याचं नाव असलं की वस्तूला वजन येतं."

वहिनींनी पाटी हातात घेतली, वाचली आणि परत दिली. "मग टाका की घराण्याचं नाव," त्या म्हणाल्या. "साळवे घराणं. नाय तर ऱ्हाऊ द्या."

क्लबनं राहू दिलं. पिस्तूल सध्या नियमाप्रमाणं पोलीस ठाण्यात जमा आहे. परवा घरी गेलो, तर दारू मोजायचं पितळी माप सरांच्या खिडकीत तसंच होतं. मी उचलायला हात पुढं केला.

"ठेवा तिथंच," वहिनी म्हणाल्या. "पोरीनं परवान्याला अर्ज टाकलाय."