बिनलेबलाची जपानी गिटार

माझी इलेक्ट्रिक गिटार जपानी आहे की नाही, हा वाद नाशिकमध्ये बारा-तेरा वर्षं चालला. वाद घालणारे आम्ही तिघंच, पण तिघंही एकापेक्षा एक हट्टी, त्यामुळे माणसं कमी पडली असं कधी वाटलं नाही.

गिटार बाबांनी आणली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, म्हणजे जिथे साचे आणि हत्यारं घडवतात तिथे. बाकीचे लोक खिशात कंगवा ठेवतात, ते जाडी मोजायचं व्हर्नियर ठेवायचे. संगीताशी त्यांचा संबंध सकाळच्या रेडिओपुरता, आणि तिथेही बातम्या लागल्या की आवाज वाढवायचा. त्यांच्या खात्यातल्या एकाचा मेहुणा ऑर्केस्ट्रा सोडून किराणा दुकान टाकत होता. त्याच्याकडून बाबांनी ती जुनी लाल गिटार स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये उभी धरून आणली.

"जपानी आहे," ते म्हणाले. "लाकूड चांगलं मुरलंय."

गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला, मागच्या बाजूला, एक सोनेरी कागदी लेबल होतं. त्यावर बारीक अक्षरात जपान लिहिलेलं. एवढाच काय तो पुरावा.

पण वाजवायला घेतली तर डोळ्यांत पाणी यायचं. तारा मानेपासून इतक्या उंच, की खालून पेन्सिल सरकली असती. दाबता दाबता बोटांची सालं निघाली. पंधरा दिवसांत मी गिटार कपाटावर टाकली आणि बाबांवर मनातल्या मनात चिडलो. त्यांनी मला एकदाच विचारलं, "काय अडतंय?" मी म्हणालो, "तारा दबत नाहीत." ते "हं" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

दिवाळीच्या सुट्टीत मी चांदवडला मावशीकडे गेलो. कांदे काढायचे चालले होते. फुकटचं खाणं बरं दिसत नाही म्हणून मीही आठवडाभर शेतात बसून कांदे उपटले. परत येऊन गिटार हातात घेतली, आणि काय आश्चर्य! तारा लोण्यासारख्या दबल्या. मी सूर छेडले, पुन्हा छेडले आणि धावत स्वयंपाकघरात जाऊन आईला बोटं दाखवली. बाबा दारात उभे होते.

"कांदे उपटून बोटं घट्ट झाली," मी म्हणालो.

"हात बसला तुझा," बाबा म्हणाले.

हे वाक्य मी वर्षानुवर्षं अभिमानानं बाळगलं. इतकंच नाही, पुढे दोन-तीन शिकाऊ पोरांना मी गंभीरपणे सांगितलं की आधी आठवडाभर कांदे उपटा, मग गिटारला हात लावा. त्यातला एक खरोखरच नात्यातल्या शेतावर जाऊन आला. त्याचा काही हात बसला नाही, आणि त्याबद्दलही मी त्यालाच बोल लावला.

आता वादाकडे येतो. इंदिरानगरमध्ये बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ राहायचे. त्यांच्या भावानं आखातातून त्यांना जुनी जपानी गिटार आणून दिली होती आणि ती ते गादीवर झोपवून ठेवत. दुसरा माणूस मूळ नामपूरचा, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा. त्याचीही गिटार जपानी, पण तिला टेम्पो, धूळ आणि मांडवातला रस्सा, सगळ्याचा प्रसाद मिळालेला. रविवारी सकाळी आम्ही तिघं बँकवाल्यांच्या हॉलमध्ये जमायचो.

बँकवाल्यांचं मत असं, की जपान्यांनी सुरुवातीला नक्कल केली, पण नक्कल करता करता मूळ मालाच्या पुढे गेले. लाकूड आणि मान यांना तोड नाही, बटणं मात्र करकरतात आणि आतल्या वायरी दोऱ्यासारख्या. नामपूरवाल्याला वायरींचं काही नव्हतं. त्याची गिटार एकदा चालत्या टेम्पोतून पडली, त्यानं उतरून धूळ झटकली आणि त्याच सुरात मालेगावात पूर्ण कार्यक्रम वाजवला. त्याच्या मते याहून मोठं सर्टिफिकेट नसतं.

माझ्या गिटारचं सर्टिफिकेट मात्र पुसून गेलं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पाटावर बाबांचं व्हर्नियर, कानस, हातोडी, आईची विळी, आणि आता शेजारी गिटार. आई गिटारला हळदीकुंकू नेमकं लेबलावरच लावायची, कारण तिच्या मते ते देवाच्या कपाळासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसायची. तीन-चार खंडेनवम्यांत लेबल गेलं. उरला तो हळदीचा डाग.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," बँकवाले म्हणाले. "तुमच्या गिटारला तर आता नावही नाही. ही इकडेच कुठेतरी बनवलेली आहे. बटणं बघा. फसवलं हो तुमच्या वडिलांना."

नामपूरवाल्यानं गिटार हातात घेतली, एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली, आणि भांडायला उठला. चिडला की तो अहिराणीवर यायचा.

"हाई जपानीच शे, भो! मान बघा हिची. तारा कशा टेकल्यासारख्या बसल्यात, तरी कुठं खरखर नाय. हा कोन इकडं कोणाच्या बापाला जमत नाय."

बँकवाल्यांनाही तेवढं मान्य करावं लागलं. मानेचा कोन त्यांच्याही गिटारपेक्षा चांगला होता. मग बटणं विरुद्ध मान असा वाद दर रविवारी व्हायला लागला.

एका रविवारी पाऊस होता म्हणून बाबा मला घ्यायला आले. बँकवाल्यांनी त्यांना चहा दिला. वाद रंगात आला होता. बाबांनी बराच वेळ ऐकलं आणि मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "कोन काय, पॅकिंग दिलं की येतो."

मला शरम वाटली. गिटारच्या गप्पांत डुगडुगत्या टेबलाखाली घालायचं पॅकिंग! त्यात बँकवाले हसले. मी त्या दोघांसमोर बोलून गेलो, "बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं? कळत असतं तर फसला असता का?"

बाबांनी चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली आणि म्हणाले, "बरं, निघू या का?" त्यानंतर ते इंदिरानगरला कधी आले नाहीत. माफी मागायचं मी रोज ठरवायचो, मग आठवड्यानं ठरवायचो, आणि मग ठरवायचंही राहून गेलं.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं. बाबा निवृत्त झाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हात थोडा थरथरायला लागला. तोवर कॉलेज रोडला सायबर कॅफे निघाले होते. तिथे बसून मी जगभरच्या गिटारमालकांचे वाद वाचले. आमच्यासारखेच होते, फक्त इंग्रजीतून. त्यात एकानं लिहिलं होतं, की लेबल गेलं असेल तर मान उघडा. मान जिथे धडात बसते त्या खाचेत कारखान्याचा शिक्का असतो.

त्या रविवारी मी जेवणाच्या टेबलावर चादर टाकली आणि मानेचे चार स्क्रू काढले. बाबा समोर खुर्चीत पेपर वाचत होते. वाटलं, शिक्का निघाला तर त्यांना दाखवीन आणि त्या जुन्या बोलण्याची भरपाई होईल.

मान सुटली. खाचेत एक जांभळा शिक्का होता, अर्धा पुसलेला. अक्षरं जपानी असतील, कोरियन असतील, मला दोन्ही वाचता येत नाहीत. पण खाचेच्या मागच्या कडेला पितळेची एक पातळ पट्टी बसवलेली होती. कडा कानशीनं गोल केलेल्या, दोन भोकं नेमकी स्क्रूवर येणारी. मी ती उचलून उलटी केली. मागे सुईच्या टोकानं जाडीचा आकडा कोरला होता, ०.६. पुढे बरोबरची छोटी खूण, शेपूट लांब ओढलेली. ही खूण मी जन्मभर पाहिली होती. किराण्याच्या यादीवर, माझ्या प्रगतिपुस्तकावर, प्रत्येक तपासलेल्या गोष्टीवर बाबांची हीच खूण असायची.

मी पट्टी त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी पेपर खाली केला. "अरे, अजून आहे होय? कारखान्यातला तुकडा तो. तू चांदवडला होतास तेव्हा मानेखाली घातला, तारा खाली आल्या."

"मग सांगितलं का नाही?"

"तू आईला बोटं दाखवत होतास," ते म्हणाले. "इतका खूश होतास. त्यात पॅकिंगचं काय सांगायचं?"

"आणि इंदिरानगरला? मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो, तेव्हा?"

"सांगितलं की तेव्हा. पॅकिंग दिलं की येतो म्हणालो."

खरंच सांगितलं होतं. बारा वर्षं आम्ही तिघं ज्या जपानी कारागिराला नावाजत होतो, तो बँकवाल्यांच्या हॉलमध्ये आमच्यासमोरच बशीतून चहा पीत बसला होता आणि मी त्याला गप्प केलं होतं. मी म्हणालो, "बाबा, चुकलं माझं." ते म्हणाले, "स्क्रू ज्या भोकातले त्याच भोकात घाल." माझं बोलणं ऐकू आलं नसल्यासारखं त्यांनी दाखवलं, पण आलं होतं.

पट्टी होती तशी बसवली, मान ठेवली. पहिला स्क्रू हातात घेतला आणि मग स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याकडे दिला.

"तुम्हीच घट्ट करा," मी म्हणालो. "माझा हात बसलेला नाही."

त्यांनी चष्मा शोधला, लावला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.